राजकारणात करुणेला खरंच जागा असते का, की सगळं मतांसाठीचं नाटक?

असते. आणि तुम्ही मुंबईत नोकरी करत असाल तर ती दर महिन्याला तुमच्या पगारातून कापली जाते.

सॅलरी स्लिप काढून बघा, पीएफच्या आसपास 'पीटी' म्हणून 200 रुपये दिसतील, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. प्रोफेशन टॅक्स. मी लोअर परळला नोकरीला लागलो तेव्हा मलाही हे कशाचे कापतात ते माहीत नव्हतं, ऑफिसात विचारलं तर कोणालाच सांगता येईना. हा कर महाराष्ट्रात 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला, म्हणजे गावाकडच्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदाराने आपल्यातला वाटा द्यायचा, आणि पगारदार सगळ्यात जास्त कुठे तर इथे मुंबईत.

हे मला जवळचं वाटायचं कारण माझी आजी. 72 च्या दुष्काळात ती माण तालुक्यात सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळून, तरी एकदा हातोडी बसलीच आणि अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडं राहिलं. पोरांना कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, मिळायची, तिची चव माझ्या वडिलांना अजून आठवते. त्या दुष्काळात 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. आजी नेहमी म्हणायची, "भीक न्हाई मागितली, खडी फोडली." हे सांगताना ती ताठ बसायची.

रोजगार हमीची कल्पना मुळात वि. स. पागे यांची, विधान परिषदेचे सभापती होते ते, आणि त्यांनी आधी तासगाव तालुक्यात ती छोट्या प्रमाणावर करून बघितली होती. दुष्काळ संपला की सरकारं असली कामं गुंडाळतात, इथे उलट झालं, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितलं की 15 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान पोरांसाठी पाळणाघर. देशाचा रोजगार हमी कायदा 2005 ला आला, म्हणजे आपल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी. आजीला पागे कोण हे माहीत नव्हतं, पाग्यांनी आजीला कधी बघितलं नव्हतं, तरी तिच्यासारख्या बाईच्या तान्ह्या पोराला सावली लागेल हे कोणीतरी विधिमंडळात बसून विचारात घेतलं, मला लोकशाहीतली करुणा म्हटलं की हेच डोळ्यासमोर येतं.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही नाटकाचं विचारलंय. आमच्या चाळीत एक विधवा मावशी आहेत, धुणीभांडी करतात, गुडघे गेलेत. त्यांचा संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म अडकला होता, महिन्याला 1500 रुपयांचा विषय, म्हणून मी त्यांना घेऊन एका नेत्याच्या कार्यालयात गेलो. दीड तास बाकावर बसलो. साहेब आले, मावशींचं सगळं ऐकून घेतलं, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, खरंच आलं, मी बघितलं, आणि खिशातून 500 ची नोट काढून दिली. कार्यकर्त्याने फोटो काढला, मावशी पाया पडल्या. फॉर्म होता तिथेच राहिला. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याची माया त्याच्या खिशापाशी थांबली आणि मावशींना वाकायला लावून गेली.

मतांसाठी करतात म्हणाल तर करू देत, त्यात मला वावगं वाटत नाही. मृणाल गोरे गोरेगावच्या वस्त्यांत पाण्यासाठी बायकांना घेऊन हंडे मोर्चे काढायच्या, लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले आणि 1977 ला त्याच लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. नळ आला आणि मतंही मिळाली, यात कोणाचं काय बिघडलं?

मला भीती वेगळीच वाटते, करुणा आपल्याच माणसांपुरती उरते याची. आपल्या जातीची, आपल्या भाषेची, आपल्या एरियातली बाई रडली तरच पोटात तुटतं, पलीकडच्या झोपडपट्टीवर बुलडोझर गेला तर आपण चॅनल बदलतो, मीही बदललाय. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात संविधान सभेला बजावलं होतं की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता आपोआप अंगवळणी पडणार नाहीत, त्या लागू करायला हवालदार उभा करावा लागेल. म्हणून करुणा कायद्यात, बजेटमध्ये, फॉर्मच्या रकान्यात उतरली पाहिजे असं मी म्हणतो, तिथे ती समोरच्याचं आडनाव विचारत नाही.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगतो. सरकारी कचेरीतल्या एका क्लार्क बाईंनी कुठला कागद कमी आहे ते नीट चिठ्ठीवर लिहून दिलं, तो जोडला आणि काही महिन्यांनी पैसे खात्यात आले. मावशी बँकेत गेल्या, पासबुकावर एन्ट्री मारून घेतली, कोणाच्या पाया पडल्या नाहीत, आणि येताना मार्केटमधून अर्धा किलो बोंबील घेऊन आल्या.