रॅकवरचा माल आणि स्क्रीनवरचा माल

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे, चाळीसेक माणसं. दीड वर्षापूर्वी ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं पण स्टॉक आजपर्यंत एकदाही जुळला नाही. स्टोअरला जुने काका आहेत, ते आधी वहीत लिहितात आणि संध्याकाळी जमलं तर कॉम्प्युटरवर. मुलगा म्हणतो काकांना आता घरी बसवू, शिकलेला पोरगा घेऊ. सॉफ्टवेअरचा व्हेंडर म्हणतो अजून एक मॉड्यूल, म्हणजे त्याचाच जादा भाग, घ्या. काय करावं?

उत्तर : साहेब, काकांना आत्ता हात लावू नका, आणि मॉड्यूल तर अजिबातच घेऊ नका. आधी एक करा, काकांची गेल्या महिन्याची वही मागून घ्या आणि ईआरपीतली आवक-जावक शेजारी ठेवून ताडून बघा. बहुतेक ठिकाणी वहीच बरोबर निघते. कारण साधं आहे, वहीत नोंद माल हलतो तेव्हा होते आणि कॉम्प्युटरवर संध्याकाळी, आणि मधल्या वेळात सकाळी आलेला लोखंडी बार दुपारी कटिंगला गेलेला असतो, त्यातले अर्धे पीस प्लेटिंगला बाहेर पडलेले असतात, आणि सिस्टीममध्ये अजून आवकच झालेली नसते. मग इश्यू, म्हणजे स्टोअरमधून माल दिल्याची नोंद, टाकायला गेलं की सिस्टीम म्हणते स्टॉक नाही, माणूस वैतागतो, व्हेंडरला फोन जातो आणि तो निगेटिव्ह स्टॉक चालेल असं सेटिंग करून देतो. तुमच्याकडे ते सेटिंग चालू असणार, पैज लावतो. ते एकदा चालू झालं की स्क्रीनवर उणे चाळीस बार दिसले तरी कोणाला काही वाटेनासं होतं.

दुसरी गोची आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या मालाच्या यादीत, असते. 'एमएस बार २५', 'एमएस राउंड २५ एमएम', '२५ डाया बार', असे तीन आयटम आणि रॅकवर माल एकच. त्यात खरेदी किलोत, इश्यू नगात किंवा फुटात. काकांना हे तोंडपाठ असतं की व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन येतं, म्हणजे २५ एमएमचा बार मीटरला साधारण ३.८६ किलो, वर कटिंगमध्ये किती जाणार आणि शेवटचा तुकडा वापरता येईल की भंगारात टाकायचा हेही ते बघूनच सांगतात. यातलं तुमच्या ईआरपीत किती भरलंय? बहुधा काहीच नाही. काका गेले की हा सगळा हिशोब गेटबाहेर जाणार आणि नवा पोरगा कितीही फास्ट टाईप करत असला तरी चुकीचंच फास्ट टाईप करणार. तेव्हा पोरगा घ्याच, पण काकांच्या शेजारी बसवा, काका सांगतील आणि तो मास्टर साफ करेल, डुप्लिकेट बंद करेल, किलो-नगाचा हिशोब एकदाच नीट भरेल. नवीन आयटम उघडायचा अधिकार मात्र एकाच माणसाकडे ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत परत तेच.

बाहेर जॉबवर्कला, म्हणजे प्लेटिंगसारखं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला, गेलेल्या मालाकडे तर खास लक्ष द्या, कारण तिथे नुसता स्टॉक नाही, टॅक्सही अडकतो. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत यायला हवा किंवा तिथूनच विकला जायला हवा, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो जॉबवर्करला विकला असं धरतात, म्हणजे टॅक्स आणि वर व्याज. आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म, भरताना तुमचा अकाउंटंट चलनं शोधत हिंडत असेल ना? ती सगळी काकांच्या वहीत आहेत.

आता कॉम्प्युटर कुठे ठेवलाय ते बघा. वर ऑफिसात असेल आणि स्टोअर खाली, तर काका दर चलनाला जिना चढणार नाहीत, चढूही नये. स्टोअरच्या खिडकीशीच एक स्क्रीन द्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळा माल मोजून स्टॉक दुरुस्त करा आणि दुसऱ्या दिवसापासून निगेटिव्ह स्टॉक बंद. पहिले आठ-दहा दिवस आरडाओरडा होईल, होऊ द्या. नंतर मार्चची वाट न बघता दर आठवड्याला महागाचे थोडे आयटम मोजत राहा. वही बंद करा असं काकांना सांगायची गरज नाही, पण तुम्ही स्वतः स्टॉक विचारायला काकांना फोन करता ना, तो आधी बंद करा. मालकच स्क्रीन बघत नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला बघतील?

आणि मॉड्यूलबद्दल. सवय तीच ठेवून सॉफ्टवेअरवरच पैसे ओतत गेलं की काय होतं ते बघा. जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट कंपनीची मालाची किंमत खरेदीच्या दराने धरायची पद्धत होती आणि सॅप या ईआरपी कंपनीचं पॅकेज विक्रीच्या दरावर चालणारं. पद्धत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरच बदलत बसले आणि २०१८ मध्ये, सात वर्षांनी, तो सगळा प्रोजेक्ट गुंडाळला, खर्च ५० कोटी युरोच्या आसपास गेल्याच्या बातम्या होत्या. त्यांना परवडलं हो, आपल्याला नाही परवडत.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. साहेबांचा पासवर्ड आम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते मीटिंगला गेले की त्यांच्या लॉगिनने आम्हीच व्हाउचर पास करतो. चुकीचं आहे हे कळतं पण बोलायचं कसं?

उत्तर : ताई, नियमाची भाषा बोलूच नका, साहेबांच्या फायद्याची बोला. 'सर, तुम्ही नसताना पास झालेलं सगळं तुमच्या नावावर पडतंय, उद्या ऑडिटमध्ये काही निघालं तर तुम्हालाच विचारतील' एवढं पुरतं. सोबत उपायही सांगा, ते नसताना पास करायला दुसऱ्या कोणाचं तरी स्वतःचं लॉगिन, ठरावीक रकमेपर्यंत. ज्याने एंट्री केली त्यानेच पास करायचं नाही, एवढं मात्र सोडू नका. आणि तोपर्यंत तुम्ही त्या पासवर्डला हात लावू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. ऑडिटर म्हणतात एडिट लॉग (हिशोबातल्या बदलांची नोंद) चालू नाही म्हणून रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. भावाच्या भागीदारी फर्मला तर कोणी विचारत नाही.

उत्तर : ऑडिटर बरोबर आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायलाच हवी आणि ती बंद करता येता कामा नये, हा नियम कंपनी कायद्यातला आहे म्हणून भागीदारीला लागत नाही. टॅलीप्राइमची एडिट लॉगवाली वेगळी आवृत्ती आहे, तिच्यात तो बंदच करता येत नाही, ती घ्या. मागच्या वर्षीचा शेरा आता पुसता येणार नाही, पण वर्षाच्या मधेच चालू केलात तर चालू केल्याची तारीख ऑडिटरला लेखी कळवून ठेवा.