पुस्तकाला पाय लागला तर

लाडक्या सई,

आजीकडे सतरंजीवर पडलेल्या पुस्तकाला तुझा पाय लागला आणि तिने तुला नमस्कार करायला लावला. "पुस्तक काय देव आहे का?" असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा मी कामाच्या गडबडीत होते, म्हणून आता नीट लिहिते.

आपल्याकडे पुस्तक म्हणजे सरस्वती. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात, वह्या-पुस्तकं तिच्यापुढे मांडून हळद-कुंकू वाहतात. तू नाशिकला फक्त सुट्टीत जातेस, त्यामुळे हे पाहिलेलं नाहीस. पण आजीच्या बाबतीत एवढंच नाही.

तिचं माहेर निफाडकडचं, शेतकऱ्याचं. खेड्यापाड्यातल्या बहुजनांच्या मुलांना शिकता यावं म्हणून नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाज 1914 साली उभा राहिला. तिचे दोन्ही भाऊ नाशिकला बोर्डिंगात राहून शिकले. आजीची शाळा मात्र सातवीनंतर सुटली. पोरीला शिकवून काय करायचं, असं घरातल्या मोठ्यांचं मत. भाऊ सुट्टीत आले की त्यांची पुस्तकं ती चुलीपाशी बसून वाचायची.

म्हणून मी आणि मामा अभ्यासाला बसलो की आम्हाला कुणी कामाला हाक मारायची नाही. नळाला पाणी आलं तरी हंडे तीच भरायची. जूनमध्ये जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घालायला मात्र सगळे बसायचे, आजोबासुद्धा. सुट्टीत ती आम्हाला सार्वजनिक वाचनालयात न्यायची. ते 1840 सालापासून आहे. टक्के तिने कधी विचारले नाहीत. "आज काय शिकवलं, मला सांग," म्हणायची, आणि पोळी लाटता लाटता मध्येच थांबून "म्हणजे कसं?" विचारायची. मला नीट समजलेलं नसलं की तिथेच अडायचे. शिकवणीपेक्षा त्या प्रश्नाचाच मला जास्त उपयोग झाला. शेजारचे काका तुला भेटल्याबरोबर "किती टक्के?" विचारतात, ते मला मुळीच पटत नाही. त्याने मुलं नुसती धास्तावतात.

मी कॉलेजात गेल्यावर आजीने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. दहावी न झालेल्यांनाही तेव्हा तिथे पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला जाता यायचं. बी.ए. झाली ती!

नमस्कार मनापासून वाटला तर कर. पण संध्याकाळी तिने "काय वाचलंस?" विचारलं, तर "छान होतं" म्हणून पळू नकोस. सगळी गोष्ट सांग तिला.

तुझी,
आई