बेळगावात मुलांना हात लावून खेळता येईल असं म्युझियम चालेल का?

तुम्ही विचारलंय की मंडळाचा हॉल गणपती सोडले तर बंदच असतो, तिथं मुलांचं म्युझियम काढलं तर चालेल का आणि सुरुवात कशी करायची. चालतंय की. फक्त रंगरंगोटीत आणि काचेच्या कपाटात पैसे घालू नका, ते दुरुस्तीला ठेवा. पोरं हात लावणार म्हटल्यावर वस्तू मोडणारच, आणि "बंद आहे" अशी चिठ्ठी डकवलेली खेळणी बघायला परत कोण येत नाही.

मी उद्यमबागेत पॅटर्न बनवतो, म्हणजे फाऊंड्रीत ओतकामाआधी लागतो तो लाकडी नमुना, त्यामुळं मला आधी दुरुस्तीच दिसतीय असं म्हणा. पण ह्यात आपलं गाव पुढं आहे. टर्नर, फिटर, वेल्डर हाकेच्या अंतरावर, गिअर नि बेअरिंग भंगारात किलोवर मिळतंय, शहापूर-वडगावात माग, खानापुरात मातीकाम, आणि गोकाकची लाकडी फळं तर घराघरात. एक हातमाग ठेवा, येणारं प्रत्येक पोर धोटा टाकून चार ओळी विणून जाऊ दे. दोन भागांचं पॅटर्न ओल्या वाळूत दाबून अलगद काढायचं नि साचा कसा उमटतो ते बघायचं, ह्यात माझा पुतण्या अर्धा दिवस घालवतो (आत काही गरम ओतायचं नाही, नुसता साचा बास). आणि दिवाळीत किल्ला करणारी आपली पोरं, त्यांना मातीचा ओटा आणि पाण्याची नळी बाराही महिने मिळाली तर आणि काय पाहिजे.

जगातलं पहिलं असलं म्युझियम ब्रुकलिनला 1899 साली निघालं. पण मला बॉस्टनवाल्यांचं जास्त पटतंय. 1962 ला मायकेल स्पॉक तिथं संचालक झाले, त्यांनी वस्तू कपाटातनं बाहेर काढल्या, रोजच्या वापरातल्या गोष्टी कापून आत काय असतंय ते दाखवलं, आणि खेळ-वस्तू भरलेल्या पेट्या शाळांना वापरायला दिल्या. हे पेट्यांचं तुम्ही हॉलच्याही आधी करा असं माझं मत. जांबोटी-कणकुंबीकडचं पोर ऐन पावसात बेळगावला कुठलं येणार? पत्र्याच्या दोन ट्रंका, त्यात कापलेलं कुलूप, सायकलचं फ्रीव्हील, जुन्या मिक्सरची मोटर (वायर तोडून), आणि खोलायला स्क्रू-ड्रायव्हर. एका शाळेत आठवडाभर ठेवायची, मग पुढच्या. गुरुजींना आधी सांगा की वस्तू हरवली तर दंड नाही, नाहीतर ट्रंक ऑफिसातच कुलपात बसतीय.

पाट्या मराठी-कन्नड दोन्ही लावा, त्यावरनं वाद घालत बसू नका, आणि कमीत कमी लावा. पाटी वाचल्याशिवाय खेळता येत नसेल तर खेळणं नव्यानं करायला घ्या. त्यापेक्षा कॉलेजची दोन पोरं उभी करा, पण त्यांना बजावून ठेवा की "असं नाही, असं कर" म्हणायचं नाही. हे सगळ्यात अवघड, आमच्यासारख्या कारागिरांना तर फारच.

पाच वर्षांखालच्यांचा कोपरा वेगळा पाहिजे, तिथं तोंडात जाईल असलं बारीक काही नको. ते बारकं जोरदार चुंबक तर हॉलमध्येच आणू नका, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येते. बाकी मातीचा ओटा करणार असाल तर आधी हात धुवायच्या नळाचं बघा, आणि नळ पोरांच्या उंचीला.