सात महिन्यांचा गुडघा

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिल्ह्याच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची निवड तुझ्याकडे आली, याचा फार आनंद झाला. आणि पहिल्याच खेपेला असा पेच पडला म्हणून जीव थोडा कासावीसही झाला. पोर सोळा वर्षांची, एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या मुख्य लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन सात महिने झालेले, "मॅडम, अजिबात दुखत नाही" म्हणतेय, घरून रोज फोन येतायत, आणि तू विचारतेस, घेऊ की नको?

या वेळी घेऊ नकोस. पण वहीतून तिचं नाव खोडूही नकोस.

दुखणं थांबलं म्हणजे गुडघा खेळायला तयार झाला, असं नसतं. ऑस्लोच्या संशोधकांचा 2016 चा एक अभ्यास मी प्रत्येक पालकाला सांगतो. ऑपरेशननंतर नऊ महिने होईपर्यंत पुनरागमन जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापत होण्याचा दर महिन्यागणिक जवळपास निम्म्यानं कमी झाला. पंचविशीच्या आतले जे खेळाडू पुन्हा खेळायला लागतात, त्यांच्यातल्या साधारण चारांत एकाचा एसीएल परत जातो. कधी तोच, कधी दुसऱ्या पायाचा.

दुसऱ्या पायाचा कसा जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खूप वर्षांपूर्वी एका मुलाला मीच सातव्या महिन्यात उतरवलं. संघाला गरज होती, त्याला घाई होती, मला मोह झाला. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, उडी मारून घेऊन तो खाली आला, आसपास कुणीही नव्हतं. 'कट्' असा आवाज बाकावर बसून मला ऐकू आला. तो रडला नाही, नुसता चांगला गुडघा दोन्ही हातांनी धरून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. दुखऱ्या पायाला जपत तो सगळा भार दुसऱ्यावर घेत होता, आणि हे मला सरावातच दिसायला हवं होतं.

म्हणून तू बघ. टेप घे, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोज. एका पायावर उडी मारायला लाव, अंतर लिही. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांवर नसेल तर प्रश्नच मिटला. पण नव्वद आले म्हणून हुरळून जाऊ नकोस. इतके महिने बसून चांगला पायही कमजोर झालेला असतो, त्यामुळे दोन्ही सारखे दिसतात आणि दोन्ही कमीच असतात. जुन्या शिबिरातले तिचे आकडे असतील तर ते शोधून काढ. आणि हे सगळं तिची दमछाक झाल्यावर पुन्हा कर. ताज्या पायांवर सगळेच नीट उतरतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. "तिचा पहिला वेग गेला, आता तिच्यात काय उरलं?" हे वाक्य वाचून मला शॉन लिव्हिंग्स्टन आठवला. 2004 साली शाळेतून थेट अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये, त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंत चौथ्या क्रमांकावर निवड. सहा फूट सात इंचांचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ रचणारा. 26 फेब्रुवारी 2007 ला धावत जाऊन बास्केटजवळून मारलेल्या एका शॉटनंतर (लेअप) डावा पाय असा वाकडा पडला, की गुडघ्यातलं जवळजवळ सगळं फाटलं. पाय कापावा लागेल का, इथपर्यंत डॉक्टरांचं बोलणं गेलं. वय एकवीस. पुढे या संघातून त्या संघात, मधे डेव्हलपमेंट लीगमध्येही तो खेळला. पूर्वीची झेप परत आली नाही. पण उंची होती, हात लांब होते आणि खेळ वाचणारी नजर शाबूत होती. बुटक्या गार्डला पाठ लावून बास्केटकडे सरकायचं, वळायचं आणि त्याच्या डोक्यावरून शांतपणे जंप शॉट मारायचा, यावर त्यानं नवा खेळ उभा केला. 2015, 2017 आणि 2018, गोल्डन स्टेटच्या तीन विजेतेपदांत तो होता.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही तुला सांगायला हवं. 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला ग्रेग ओडन, दुसरा केव्हिन ड्युरंट, जो पुढे फार मोठा खेळाडू झाला. ड्युरंटला निवडीआधीच्या ताकदीच्या चाचणीत 84 किलोची बार एकदाही उचलता आली नव्हती. ओडनचे गुडघे टिकले नाहीत, सगळी कारकीर्द 105 सामन्यांची. त्या चाचणीनं ड्युरंटचे दंड मोजले. त्याचे हात किती लांब आहेत आणि तो कुठून कुठून शॉट मारू शकतो, हे बारवर दिसणार नव्हतं.

तेव्हा चौदा-सोळाच्या मुलींत आज कोण भारी पडते, एवढंच पाहू नकोस. लवकर वयात आलेली मुलगी दोन वर्षं सगळ्यांना उचलून फेकते, मग बाकीच्या वाढतात. हातात बॉल नसताना ती कुठे उभी राहते ते बघ. चूक झाल्यावर पुढच्या बॉलला पाय थबकतात का ते बघ. तुझी ही पोर सात महिने बाकावर बसून सरावाला येते, असं तूच लिहिलंस. तिच्या हातात वही दे, स्कोअर लिहू दे, बचावात कोण कुठे चुकतंय ते तिला विचार. खुर्चीवर बसून फॉर्म शूटिंग, म्हणजे नुसती शॉटची ढब घोटणं, तर आजपासून चालू शकतं, फिजिओला एकदा विचारून घे.

घरच्यांना मात्र फोनवर सांगू नकोस. त्यांच्या घरी जा, चहा घे, तिच्यासमोर बोल.

आणि मला तिचा व्हिडिओ पाठव. फूटभर उंचीच्या स्टुलावरून दोन्ही पायांवर उडी, पाच वेळा. बाजूनं नको, समोरून काढ, आणि शॉर्ट्स घालायला सांग. उतरताना गुडघा आत वळतो का, ते मला बघायचंय.

तुझा,
सर