सगळे आले तरच खेळायचं?

"चौदा शनिवार झाले, मॅडम. एकदाही जमलो नाही."

अनिकेतनं मोबाईल माझ्यापुढे धरला. त्याच्या खेळाच्या ग्रुपवर त्यानं टाकलेला पोल होता : 'शनिवारी कोण कोण?' सहा जणांत दोन 'हो', त्यातला एक त्याचा स्वतःचाच. एक 'बघतो'. बाकी सामसूम. तो अंगठ्यानं वर वर सरकवत गेला, तसे आधीच्या आठवड्यांचे पोल दिसत गेले. सगळे साधारण असेच. "मीच विचारायचं, मीच आठवण करायची, मीच तारखा पुढे ढकलायच्या. मी थांबलो की दुसऱ्या दिवशी हे बंद पडणार. त्यांना नकोच असेल तर मी कशाला मागे लागतोय? बंद करून टाकू का ग्रुप?"

अनिकेत चौतिशीचा, पुण्यात आयटीत नोकरी. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्याची परवानगी आहे.) त्याला माझ्याकडे समुपदेशनाला बायकोनं पाठवलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी तो घरात धुसफुसत फिरतो आणि रविवारी कोणाशी धड बोलत नाही, असं तिचं म्हणणं. झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळं मी विचारून घेतलं. नैराश्याची लक्षणं दिसली नाहीत. दुखत होतं ते एकाच जागी.

"नेहमी मीच का पुढाकार घ्यायचा?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी ट्रेकच्या ग्रुपमधून, कधी हौशी नाटकवाल्यांकडून, कधी शाळेतल्या मैत्रिणींना एकत्र आणता आणता थकलेल्या बाईकडून. अनिकेतचा ग्रुप 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचा. हा खेळ मला माहीत नव्हता, तेव्हा पहिली पंचवीस मिनिटं मी तो समजून घेण्यातच घालवली, आणि ती वाया गेली नाहीत.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यातला एक सूत्रधार, त्याला डीएम म्हणतात. तो एक जग रचतो, बाकीचे त्या जगातली एकेक पात्रं होतात. संहिता नसते. "तुम्ही दार उघडता, आत अंधार आहे. काय कराल?" असं डीएम विचारतो, खेळाडू काय करायचं ते सांगतात, आणि ते जमतं की फसतं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं एकच गोष्ट पुढे चालते. अनिकेत डीएम होता. त्याच्या गोष्टीत खाडीच्या तळाशी बुडालेलं एक गाव होतं, ते दर अमावास्येच्या ओहोटीला वर यायचं. हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकून बसला. तासाभरात पहिल्यांदाच.

मग मी त्याला एक काम दिलं. एका शनिवारसाठी तो काय काय करतो, ते वेळेसकट लिहून आणायचं.

पुढच्या वेळी त्यानं चौकटीचा कागद आणला. एका बाजूला पेन्सिलीनं काढलेला देवळाचा नकाशा, त्यात एक चौकट म्हणजे पाच फूट. पाठीमागे त्याची नोंद. गोष्ट पुढे रचायला तीन तास. नकाशे, राक्षसांचे आकडे, गावातल्या माणसांची नावं. मागच्या वेळी कोण काय म्हणालं ते आठवून लिहून ठेवणं. पोल, आठवणी, दोघांना वेगवेगळे फोन. हॉल आवरणं, पोह्यांची तयारी, ज्याची पात्राची कागदपत्रं हरवली त्याच्यासाठी नवी प्रिंट. बेरीज आठ तासांच्या पुढे गेली होती. खेळ चार तासांचा. आणि हे बाकीच्या पाच जणांपैकी कोणाला ठाऊक आहे का, असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. "सांगायचं काय त्यात? मला आवडतं."

आवडतं म्हणून सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून कोणी उचललं नाही. माझ्या अनुभवात ग्रुप मोडायला सुरुवात इथून होते. माणसांचं प्रेम आटलेलं नसतं. एकाच्या खांद्यावर सगळा भार असतो, तो भार इतरांना दिसत नाही, आणि तो माणूस शिणला की त्याला तो शीण नकारासारखा वाटू लागतो.

आणखी एक गोष्ट बोलण्यातून निघाली. हा ग्रुप २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाला होता, व्हिडिओ कॉलवर, दर शनिवारी. तेव्हा कोणाला कुठे जायचंच नव्हतं. 'दर आठवड्याला, सगळे' हे माप त्या दिवसांचं होतं. आता एकीला पाच महिन्यांचं बाळ, एक बंगळूरला बदलून गेलेली, एकाची अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी, एक बँकेत. माप मात्र तेच राहिलं होतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मी कामात रोज वापरते. तिच्यात इच्छा आणि हट्टाग्रह वेगळे करायला शिकवतात. "सगळ्यांनी यावं असं मला फार वाटतं" ही इच्छा. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, आणि वाटू द्यावं. "सगळ्यांनी यायलाच पाहिजे, नाहीतर मी त्यांच्या लेखी कोणी नाही" हा हट्टाग्रह. तो पुरा झाला नाही की राग येतो, अपमान होतो, आणि माणूस ग्रुप बंद करायला निघतो. अनिकेतला हे पटलं, पण डोक्यातच. म्हणाला, "ते ठीक आहे. पण ऋतुजानं तीन महिन्यांत साधा 'नाही'सुद्धा टाकला नाहीये. त्याचा दुसरा काय अर्थ घ्यायचा?"

"तिला विचारलंत?"

"पोल टाकतोच ना मी."

मी म्हटलं, पोल नको. फोन करा, आणि शनिवारबद्दल विचारू नका. ती कशी आहे ते विचारा.

त्यानं फोन केला, आणि पुढच्या भेटीत आल्या आल्या त्याबद्दलच बोलू लागला. ऋतुजा आधी म्हणाली होती, "मला वाटलं तुम्ही माझ्याशिवाय खेळताय." दर आठवड्याला 'नाही' लिहायची तिला लाज वाटायला लागली होती, म्हणून तिनं पोल उघडणंच सोडलं. तिचे फासे बाळाच्या हाताला लागू नयेत म्हणून औषधांच्या फळीवर, ग्राइपवॉटरच्या बाटलीमागे ठेवलेले होते. टाकून दिलेले नव्हते. मग थोडं थांबून तिनं खरी गोष्ट सांगितली. शेवटच्या खेळात अनिकेतच्या गोष्टीतल्या गावातली लहान मुलं एकेक करून नाहीशी होत होती. तेव्हा तिचं बाळ दीड महिन्याचं होतं. त्या रात्री ती झोपली नाही, पाळण्याला हात लावून बसून राहिली. "गोष्टच तर आहे, काय सांगायचं, असं वाटलं," ती म्हणाली.

अनिकेत हे सांगताना रडला. मी त्याला रडू दिलं. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यानं 'मी नको आहे' असा लावला होता, आणि दुसऱ्या बाजूला ती 'माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय' म्हणून गप्प होती. चौदा आठवडे दोघं एकमेकांचं मन परस्पर वाचत होते, आणि दोघांचंही वाचन चुकलं होतं.

हा खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक चांगली रीत आहे. नवी गोष्ट सुरू करण्याआधी फासे न घेता सगळे नुसते बोलायला बसतात. त्याला ते 'सेशन झीरो' म्हणतात. कधी भेटायचं, किती वेळ, कोणाला मारामारी हवी, कोणाला गप्पा, आणि कोणते विषय गोष्टीत आणायचेच नाहीत, हे तिथे ठरतं. न आणायच्या विषयाला ते 'लाइन' म्हणतात, म्हणजे ही रेघ ओलांडायची नाही. मला ही रीत फार मोलाची वाटते. लग्नाआधी समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही याहून फार वेगळं काही विचारत नाही. अनिकेतच्या ग्रुपनं हे कधी केलंच नव्हतं. "आम्ही मित्रच आहोत, त्यात काय ठरवायचं?"

त्यावर मी त्याला माझ्या आईच्या भजनी मंडळाबद्दल सांगितलं. मी शाळेत होते तेव्हापासून ते दर गुरुवारी भरतंय. पेटीवाल्या काकू आल्या नाहीत तर बायका नुसत्या टाळांवर म्हणतात. चौघी आल्या तर चौघींचं भजन. ज्या घरी बसतात त्या घरचा चहा, बाकी कोणावर काही नाही. 'या गुरुवारी जमेल का गं?' असं कोणी कोणाला विचारत नाही. गुरुवार आहे म्हणजे भजन आहे. एखादी दोन महिने आली नाही तर तिची सतरंजीवरची जागा कोणी मोडीत काढत नाही, आणि ती परत आली की तिला हिशेब विचारत नाहीत.

दर आठवड्याला तारीख विचारणं म्हणजे दर आठवड्याला मत मागणं. पोल टाकला की प्रत्येकाला नव्यानं ठरवावं लागतं आणि विचारणाऱ्याला नव्यानं नकार घ्यावा लागतो. वार बांधला की ती कटकटच राहत नाही.

मग अनिकेतचा ग्रुप त्याच्या घरी नुसता बोलायला जमला, फासे कपाटातच ठेवून. बंगळूरची सायली लॅपटॉपवर. मी तिथे नव्हते, त्यानं सांगितलेलं लिहिते. चौकटीच्या कागदामागची ती यादी त्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. वाचताना आवाज कापत होता. कोणीतरी म्हणालं, "आठ तास? अरे, बोलायचंस ना!" मंदार बँकेत, त्याला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, म्हणून तेच दोन शनिवार धरले. वेळ चार तासांऐवजी तीन. तिघं आले तरी खेळायचं. जो नसेल त्याचं पात्र मुक्कामावर राखण करेल. गोष्टीची रोजनिशी सायली लिहील. खाणं आळीपाळीनं, आणि पोहे बंद, कारण ते अनिकेतच करायचा. दर दोन महिन्यांनी मंदार एका बैठकीत संपणारी छोटी गोष्ट चालवेल आणि त्या दिवशी अनिकेत फक्त खेळाडू. पाच वर्षांत तो एकदाही नुसता खेळलेला नव्हता! मुलांना काही होणार नाही, ही रेघ ठरली. अनिकेतनं त्या गावातून मुलांऐवजी देवळांच्या घंटा नाहीशा केल्या, आणि मला म्हणाला की गोष्ट उलट जास्त चांगली झाली.

त्याच बैठकीत केदार म्हणाला, "खरं सांगू? मला हा खेळ एवढा आवडत नाही. मला तुम्ही आवडता." दर वेळी उशिरा येणारा, मध्येच मोबाईल पाहणारा हाच. अनिकेत त्याच्यावर दोन वर्षं मनातल्या मनात चिडलेला होता. केदार खेळातून बाहेर पडला. आता तो नऊच्या सुमारास, खेळ संपता संपता जेवायला येतो, बहुतेक वेळा काहीतरी घेऊन. ग्रुपमधून कोणी गेलं की आपण ते अपयश धरतो. मी तसं धरत नाही. केदारला खेळातून मोकळं केल्यामुळेच तो मित्र म्हणून टिकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ठरल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी तिघंही पुरे झाले नाहीत, दोघंच. साडेपाचला अनिकेतनं 'आज राहू दे' असा मेसेज लिहून ठेवला होता, पाठवायचा बाकी होता. मग त्यानं तो पुसला आणि दोघांना घेऊन मुक्कामावरच्या शेकोटीभोवतीचा प्रसंग खेळवला. लढाई नाही, दोन पात्रं रात्रभर बोलत बसलेली. इम्रान रात्रपाळीमुळे अजूनही दोन महिन्यांतून एकदा येतो. प्रत्येक 'नाही जमत'ला अनिकेतच्या पोटात अजून कळ येते. ती येईलच, हे आम्ही दोघांनी मान्य केलं आहे. फरक एवढाच की ती कळ आता रविवारपर्यंत राहत नाही.

जे असेच अडकले आहेत, त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते : बंद करायचं असेल तर बंदही करता येतं. पण गोष्ट संपवून, तारीख ठरवून, सगळ्यांना बोलावून. पोलला उत्तर येईना म्हणून गुपचूप ग्रुप सोडणाऱ्यांच्या मनात तो प्रश्न वर्षानुवर्षं राहतो. असे लोक मी पाहिले आहेत.

मागच्या भेटीत अनिकेतनं ऋतुजाबद्दल सांगितलं. ती व्हिडिओवरून खेळत होती, बाळ मांडीवर. तिचं पात्र जखमी होऊन कोसळलं होतं. अशा वेळी मृत्यूशी झुंज म्हणून फासा टाकतात. दहा किंवा वर आलं तर एक पाऊल जगण्याकडे, नऊ किंवा खाली आलं तर एक पाऊल मरणाकडे. कुठल्याही एका बाजूला तीन पावलं झाली की निकाल. दोन्हीकडे दोन-दोन झाली होती. तिनं एका हातानं बाळाला सावरत दुसऱ्या हातानं ताटलीत फासा टाकला, आणि खणखणाट ऐकून बाळ दचकलं, मग खुदकन हसलं. कॅमेऱ्यात फासा दिसेना. सगळे श्वास रोखून. तिनं ताटली वर धरली. दहा.

मी वहीत पुढची भेट चौथ्या शनिवारी लिहायला घेतली. अनिकेत म्हणाला, "तो नको, मॅडम. शुक्रवारी चालेल?"