अमेरिकन माफियातला इटलीत जन्मलेला सगळ्यात पॉवरफुल बॉस कोण? लकी लुचानोच ना?

लुचानोचं नाव मोठं आहेच. अल कपोन म्हणणारेही बरेच भेटतील, पण तो जन्मला ब्रुकलिनमध्ये, त्यामुळे तुमच्या प्रश्नात बसतच नाही. मला विचाराल तर फ्रँक कॉस्टेलो.

जन्म १८९१, कालाब्रियातलं लाउरोपोली गाव, खरं नाव फ्रान्चेस्को कास्तील्या. लहानपणीच न्यूयॉर्कला आला. १९१५ ला पिस्तूल बाळगलं म्हणून दहा महिने आत जाऊन आला आणि त्यानंतर म्हणे पिस्तुलाला हातच लावला नाही, पुढची ३७ वर्षं तुरुंगाचं तोंड पाहिलं नाही. बंदुकीपेक्षा वशिला स्वस्त पडतो हे त्याला कळलं होतं बहुतेक.

दारूबंदीत चोरट्या दारूवर पैसा केला, मग स्लॉट मशीन. १९३४ मध्ये न्यूयॉर्कचा मेयर ला गार्डिया ती मशीन हातोड्याने फोडून पाण्यात टाकायला लागला, तर हा माणूस रडत बसला नाही, धंदा उचलून थेट न्यू ऑर्लिन्सला नेला, आणि नंतर सरळ सांगितलं की तिथला नेता ह्यूई लाँग यानेच बोलावलं होतं! लुचानो १९३६ ला आत गेला, त्याच्या खालोखालचा व्हिटो जेनोव्हेजी खुनाच्या केसला घाबरून १९३७ ला इटलीला पळाला, आणि लुचानोच्या टोळीची गादी आपसूक कॉस्टेलोकडे आली.

आता वट किती ते बघा. १९४३ मध्ये सरकारी वकिलाने त्याचा फोन टॅप केला होता, त्यात ऑरेलिओ नावाचा मॅजिस्ट्रेट वरच्या कोर्टाच्या जजच्या निवडणुकीचं तिकीट मिळालं म्हणून कॉस्टेलोचे आभार मानतोय, वर आयुष्यभर निष्ठा ठेवीन म्हणतोय. हे सगळं पेपरात छापून आलं, तरी तो निवडून आला आणि जज झाला. आपल्याकडे ‘सेटिंग’ म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पण वाट लागली ती टीव्हीमुळे. १९५१ ला संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सेनेटर केफॉव्हरच्या समितीची सुनावणी लाइव्ह दाखवत होते. कॉस्टेलोच्या वकिलाने हट्ट धरला की चेहरा दाखवायचा नाही, म्हणून कॅमेरा फक्त हातांवर. झालं उलटंच, लाखो लोक ते चुळबुळणारे हात आणि तो घोगरा आवाज यावर खिळून बसले, चेहरा दाखवला असता तर निदान एक सुटाबुटातला म्हातारा दिसला असता. देशासाठी काय केलंत विचारल्यावर म्हणाला, टॅक्स भरला. पुढे टॅक्स चुकवल्याबद्दलच शिक्षा झाली, ते सोडा.

मे १९५७ मध्ये सेंट्रल पार्कसमोरच्या त्याच्या बिल्डिंगच्या लॉबीत, इटलीहून परतून गादीवर डोळा ठेवून असलेल्या जेनोव्हेजीच्या माणसाने गोळी झाडली, ती डोक्याला चाटून गेली. हॉस्पिटलमध्ये पोलिसांना खिशात चिठ्ठी सापडली, त्यावरचा ६,५१,२८४ डॉलरचा आकडा लास व्हेगासच्या ट्रॉपिकाना कसिनोच्या कमाईशी जुळला. गोळी झाडणारा कोर्टात समोर उभा, बिल्डिंगच्या दरवानाने ओळखला, कॉस्टेलो म्हणतो मी कोणाला पाहिलंच नाही! आरोपी सुटला. कॉस्टेलोने गादी सोडून दिली.

जेनोव्हेजी १९६९ ला तुरुंगातच मेला, कॉस्टेलो १९७३ ला ८२ व्या वर्षी हार्ट अटॅकने. पुढच्याच वर्षी कोणीतरी त्याच्या थडग्याचा दरवाजा बॉम्बने उडवला.