जुन्या इलेक्ट्रिक कारला नवी बॅटरी घालताना एलएफपी घ्यावी, एनएमसी घ्यावी की आणखी काही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कार दहा वर्षांची आहे, बाकी गाडी ठणठणीत आहे, पण एका चार्जमध्ये पूर्वीच्या निम्मंच अंतर जाते. आता पॅक (सेल जोडून बनवलेली मुख्य बॅटरी) बदलायचाच, तर मूळच्या एनएमसीऐवजी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी) एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बसवून घ्यावी का? ती जास्त वर्षं टिकते आणि सहसा पेट घेत नाही, असं सगळीकडे वाचायला मिळतं.

जुने पॅक उघडणं, तपासणं आणि पुन्हा जुळवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे आधी निकाल सांगतो. गाडी कंपनीतूनच लिथियम पॅक घेऊन आली असेल, तर तिच्या मूळ केमिस्ट्रीच्याच (सेलमधल्या रसायनांच्याच) कुळातला, शक्य असेल तर त्याच मॉडेलचा नंतरच्या वर्षांतला पॅक बसवा. गाडी मुळात लेड-ॲसिडवर चालणारी असेल, तर एलएफपी घ्या. एलएफपीबद्दल तुम्ही वाचलेलं खोटं नाही. पण केमिस्ट्री निवडताना आपल्याला काय आवडतं याआधी गाडीला काय चालतं हे बघावं लागतं, आणि गाडीला पहिल्यांदा दिसतं ते व्होल्टेज.

एक हिशेब करून बघा. पहिल्या पिढीच्या निस्सान लीफसारख्या कितीतरी गाड्यांत ९६ सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये असतात. एनएमसी किंवा मँगनीजवाल्या सेलचं पूर्ण चार्ज व्होल्टेज ४.२, म्हणजे पॅक भरला की साधारण ४०३ व्होल्ट. तिथे ९६ एलएफपी सेल बसवले तर चार्ज होताना प्रत्येकी ३.६५ प्रमाणे कमाल ३५० व्होल्ट मिळतात, आणि चार्जर काढल्यावर सेल ३.३ च्या आसपास स्थिरावतात, म्हणजे पॅक ३१७ वर. गाडीच्या मूळ हिशेबात ३.३ व्होल्टचा सेल जवळजवळ रिकामा असतो. म्हणजे काठोकाठ भरलेला पॅक गाडी ‘संपत आलाय’ असं समजून ताकद कापायला लागेल.

मग सेल वाढवा, असं कोणीतरी सुचवेल. ११० एलएफपी सेल घेतले की बेरीज बरोबर ४०१ व्होल्टवर येते, आणि इन्व्हर्टर (पॅकच्या विजेवर मोटर चालवणारा भाग), मोटर, चार्जर या सगळ्यांना ते चालतं. अडतं ते बीएमएसपाशी, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सपाशी. मूळ बीएमएसकडे ९६ सेल मोजण्यापुरत्याच तारा आहेत, आणि कुठल्या व्होल्टेजला किती चार्ज उरला हे तिच्या पोटात एनएमसीच्या हिशेबाने भरलेलं आहे. ती काढून नवी बीएमएस लावली, तर मूळ बीएमएस गाडीच्या कॅन लाइनवर (गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात ती तार) सतत जे संदेश पाठवत होती, ते सगळे हुबेहूब पाठवणारं एक मॉड्यूल मध्ये लागतं: चार्ज किती, आत्ता किती किलोवॅट देता येतील, किती करंट घेता येईल, तापमान काय, इन्सुलेशन ठीक आहे का. यातला एखादा महत्त्वाचा संदेश वेळेवर आला नाही तर गाडी कॉन्टॅक्टर (पॅक गाडीला जोडणारा मोठा स्विच) जोडतच नाही. पॅक शंभर टक्के, गाडी ढिम्म. अशी रूपांतरं यशस्वी झालेली आहेत, पण ती करणारी माणसं महिनोन्‌महिने लॅपटॉप मांडीवर घेऊन कॅनचे संदेश वाचत बसलेली असतात. तुम्हाला रोज कामावर जायला गाडी हवी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

यापुढची अडचण एलएफपीच्या स्वभावातच आहे. २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत तिच्या सेलचं व्होल्टेज जेमतेम दशांश व्होल्टने हलतं, तेही नाही. एनएमसीत व्होल्टेज बघून उरलेला चार्ज बऱ्यापैकी सांगता येतो, एलएफपीत मधल्या पट्ट्यात काहीच कळत नाही. आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहायचं आणि मधूनमधून पूर्ण भरून हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा, हाच मार्ग. टेस्लानेही आपल्या एलएफपी गाड्यांच्या मालकांना आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के चार्ज करायला सांगितलंय. एनएमसीसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं. काटा ३० टक्के दाखवत असताना गाडी रस्त्यात थांबली, तर दोष सेलचा नसतो, त्या काट्यामागच्या गणिताचा असतो.

ताकदीचं गणित तर लोक विसरूनच जातात. ८० किलोवॅटची मोटर २४ किलोवॅट-तासांच्या पॅकवर पूर्ण ताकदीने चालली की तो पॅक तीन सीपेक्षा जास्त दराने रिकामा होत असतो (एक सी म्हणजे तासाभरात पूर्ण रिकामा). स्वस्तात मिळणारे मोठे चौकोनी एलएफपी सेल बहुतेक वेळा सोलरच्या साठवणीसाठी बनवलेले असतात आणि त्यांचा सततचा दर अर्धा ते एक सी असतो. ते गाडीत घातले की चढावर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी व्होल्टेज खाली बसतं. सेल विकणाऱ्याला ‘किती अँपिअर-तास’ एवढंच विचारू नका. सतत किती अँपिअर आणि दहा सेकंदांसाठी किती, हे डेटाशीटवर दाखवायला सांगा. शिवाय तेवढ्याच ऊर्जेला एलएफपी सेल जास्त जड असतात आणि जास्त जागा खातात. जुन्या पॅकचा डबा तर ठरलेल्या मापाचा असतो.

आगीबद्दल. एलएफपीच्या फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी तो सहज सुटून आगीला हातभार लावत नाही. १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने हे फॉस्फेटचं कॅथोड (सेलचं धन टोक) जगापुढे मांडलं, तेव्हापासून त्याची ही बाजू भक्कमच आहे. पण खूप तापलेला एलएफपी सेलही ज्वलनशील वायू सोडतो, आणि घरगुती जोडकाम केलेल्या पॅकमध्ये आग बहुधा सैल बसबारमुळे (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीमुळे), घासलेल्या तारेमुळे किंवा चुकीच्या फ्यूजमुळे लागते. कंपनीने बांधलेला, न उघडलेला एनएमसी पॅक मला हाताने जुळवलेल्या एलएफपी पॅकपेक्षा सुरक्षित वाटतो. हे मी अगदी गांभीर्याने सांगतोय.

एलटीओचं (लिथियम टायटेनेटचं) नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. हजारो सायकल, कडाक्याच्या थंडीतही चार्जिंग, सगळं खरं. पण सेल २.३ व्होल्टचा आणि वजनाच्या मानाने ऊर्जा फार कमी. मित्सुबिशीने २०११ मध्ये आय-मीव्हच्या एका आवृत्तीत तोशिबाचा एलटीओ पॅक दिला, तो १०.५ किलोवॅट-तासांचा होता; त्याच गाडीच्या मोठ्या आवृत्तीत नेहमीच्या लिथियमचे १६ किलोवॅट-तास होते. रेंज वाढवायला निघालेल्या माणसाचं हे काम नाही. सोडियमच्या सेलचं व्होल्टेज भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थेत इतकं वरखाली होतं, की जुन्या इन्व्हर्टरला तो पट्टा झेपणं कठीण.

लेड-ॲसिडच्या छोट्या गाडीची गोष्ट मात्र वेगळी. ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड संचाला चार्जर साधारण ५७.६ व्होल्टपर्यंत नेतो. १६ एलएफपी सेलचं कमाल व्होल्टेज ५८.४. जणू जोडी जुळवूनच दिली आहे. वजन एकदम कमी होतं, आणि लेडची अर्धीच क्षमता वापरायची असते तसं बंधन इथे नसल्यामुळे कमी अँपिअर-तासांतही तेवढंच अंतर निघतं. चार्जरमधला इक्वलायझेशनचा (मुद्दाम जास्त व्होल्टेज देण्याचा) टप्पा मात्र बंद करता आला पाहिजे, नाहीतर चार्जर बदला. आणि पूर्ण भरलेल्या पॅकवर उतार सुरू झाला, ब्रेकिंगमधून येणारी वीज बीएमएसने अचानक तोडली, तर व्होल्टेजचा फटका कंट्रोलरला बसतो. म्हणून उतारावर राहणाऱ्यांनी थोडं कमी भरावं. थंडीचाही विचार करा. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज केली तर ॲनोडवर (ऋण टोकावर) लिथियमचा थर बसतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. तापमान बघून चार्जिंग रोखणारी बीएमएस घ्या.

आता सगळ्यात आधी करायची गोष्ट, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण वरचं वाचल्यावरच तिचं महत्त्व पटतं. पॅक खरंच संपलाय का, ते बघा. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवर प्रत्येक सेलचं व्होल्टेज दिसतं. गाडी उभी असताना सगळे सेल ३.९ वर एका रांगेत दिसतील, आणि तुम्ही म्हणाल, सगळं छान आहे. मग कोणालातरी शेजारी बसवून मोबाइल त्याच्या हातात द्या आणि मोकळ्या चढावर जोर लावा. बाकीचे सेल ३.७ वर असताना एक-दोन सेल झर्रकन ३.२ ला उतरले आणि पाय काढताच पुन्हा वर आले, तर अंतर खाणारे तेच दोन आहेत. सिरीजमध्ये सगळ्यात दुबळा सेल संपला की पॅक संपला. अशा वेळी तेवढंच मॉड्यूल (ते सेल असलेला गठ्ठा) बदलून भागतं. पण नवं कोरं मॉड्यूल टाकू नका, बाकीच्यांच्या क्षमतेच्या जवळ जाणारं वापरलेलं शोधा. कोऱ्याची जास्तीची क्षमता तिथे वायाच जाते आणि बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीवर ठेवणं) बिघडतं. सगळेच सेल एकसारखे खाली बसत असतील, तर पॅक म्हातारा झालाय, तो बदलाच. ही तपासणी करायच्या आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरीही बघून घ्या. ती मरायला टेकली की डॅशबोर्डवर मोठ्या पॅकचेच दिवे लागतात.

पूर्ण पॅक घेताना तो त्याच्याच बीएमएससकट घ्या. लीफचं उदाहरण द्यायचं तर नंतरचा ४० किलोवॅट-तासांचा पॅक जुन्या २४ वाल्या गाडीत बसवतात. केमिस्ट्रीचं कुळ तेच, सिरीजमधले सेलही ९६च, आणि कॅनचे संदेश भाषांतरित करणारं छोटं तयार मॉड्यूल मिळतं. तुमच्या मॉडेलला असा मोठा भाऊ आहे का, हे आधी शोधा. विकणाऱ्याकडून सेलची उत्पादन तारीख लेखी घ्या. न वापरता गोदामात पूर्ण चार्ज करून वर्षानुवर्षं पडलेला ‘नवा’ पॅकही म्हातारा झालेला असतो. आणि तो गाडीत चढवण्याआधी वरच्यासारखीच लोडखालची सेल व्होल्टेज दाखवायला लावा. नुसता हेल्थचा टक्का चालणार नाही, तो बीएमएस रिसेट करून वाढवून दाखवता येतो.

बसवण्याचं काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. सर्व्हिस प्लग (पॅकची जोडणी तोडणारा सुरक्षा प्लग) काढला तरी मॉड्यूलच्या टोकांवर व्होल्टेज असतंच, आणि एवढ्या डीसीचा आर्क एकदा पेटला की एसीसारखा आपोआप विझत नाही.